दोन रात्रींचे मालक

एडमंटनच्या आमच्या मंडळात ‘आपला कॅसिनो कधी लागलाय?’ हा प्रश्न ‘यंदा गणपती कितव्या तारखेला?’ या चालीवर विचारला जातो. पुण्याहून नव्याने आलेली पोरं तो ऐकून दचकतात. त्यांना वाटतं, हे सगळे काका-काकू मिळून जुगार खेळायला जातात. उलट, ड्यूटीवर असताना खेळायला सक्त मनाई असते. आम्ही जातो ते जुगाराचा अड्डा चालवायला, आणि हे मी गमतीने म्हणत नाही. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात लिहिलंय तसं पाहिलं, तर त्या दोन दिवसांपुरत्या त्या हॉलमधल्या टेबलांच्या चालक-मालक आम्हीच : सांगलीची मी, इचलकरंजीच्या वहिनी, आणि गुडघे दुखतात म्हणून बसायचंच काम मागणारे आमचे अध्यक्ष.

लग्नाआधी मी सांगलीत एका सहकारी बँकेत कॅशियर होते. त्या एका पात्रतेवर इथे मंडळाची खजिनदार झाले आणि खजिनदार म्हणून कॅसिनोच्या कागदपत्रांत शिरले. अर्ज, परवाना, हिशेबाची विवरणपत्रं असं वाचता वाचता मला हा प्रकार मुळात आला कुठून याचा नाद लागला. आमच्या ह्यांच्या मते तो वेळ मी विणकामाला दिला असता तर घरात चार स्वेटर आले असते.

कॅनडाने आपला फौजदारी कायदा एकत्र बांधला १८९२ साली. जुगार त्यात गुन्हाच होता. पण पुढच्या शंभर वर्षांत या कायद्याला ठिकठिकाणी खिडक्या पाडल्या गेल्या, आणि जवळजवळ प्रत्येक खिडकी कुणाच्या तरी पुण्यकर्मासाठी पाडलेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्चच्या बाजारात किरकोळ वस्तूंची सोडत काढायला सूट मिळाली. १९१० च्या सुमाराला घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजांना जागा झाली. १९२५ मध्ये शेतकी प्रदर्शनांतल्या नशिबाच्या खेळांना. इथल्या गवताळ प्रदेशात शेतकी प्रदर्शन म्हणजे वर्षाची जत्रा : बैल, लोणच्याच्या बरण्यांची स्पर्धा, पाळणे आणि जोडीला चक्र फिरवून पैसे लावायचा तंबू. आमच्या अल्बर्टा प्रांतातला जुगार या तंबूतून वाढला.

एडमंटनची जत्रा १९६० च्या दशकात ‘क्लॉन्डाइक डेज’ झाली. १८९० च्या दशकाअखेर युकॉनमध्ये सोनं सापडलं तेव्हा तिकडे निघालेले लोक आमच्या गावातून सामान भरून उत्तरेला जात. ती आठवण काढून शहर दर उन्हाळ्यात फ्रॉक-झालरी घालून नटायचं. १९६७ साली त्या जत्रेत ‘सिल्व्हर स्लिपर’ नावाचं सलून थाटलं गेलं आणि तिथे टेबलांवर पत्ते पडू लागले. जत्रेपुरता, चार दिवसांचा कॅसिनो. सोनं शोधायला निघालेले बहुतेक लोक हात हलवत परतले होते, हा इतिहास त्या सजावटीत कुणी टांगला नव्हता.

खरं खिंडार पडलं १९६९ मध्ये. पियर ट्रूडोंच्या सरकारने एकाच दुरुस्ती कायद्यात समलिंगी संबंध, गर्भपात आणि लॉटरी असे अनेक विषय हाताळले. त्यातल्या पहिल्या दोहोंवर पुस्तकं लिहिली गेली. तिसऱ्यावर फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, पण आमच्यासारख्या मंडळांचं नशीब त्या तिसऱ्या कलमात होतं : सरकार लॉटरी काढू शकतं, आणि प्रांताचा परवाना घेऊन धर्मादाय किंवा धार्मिक संस्थाही नशिबाचे खेळ चालवू शकते, मात्र मिळकत त्याच कामाला लागली पाहिजे. (महाराष्ट्र राज्य लॉटरीही त्याच वर्षी, एप्रिल १९६९ मध्ये, सुरू झाली. आमच्या वडिलांच्या खिशात तिकीट असायचं आणि आई ते कपडे धुताना भिजवायची.)

कायद्याची मेख ‘चालवू शकते’ यात आहे. खाजगी कंपनीला स्वतःच्या फायद्यासाठी कॅसिनो काढता येत नाही. ती हॉल देईल, टेबलं देईल, पत्ते वाटणारे डीलर देईल. पण खेळ चालवणारी, पैशाची जबाबदारी घेणारी संस्थाच हवी, आणि संस्था म्हणजे तिची माणसं, बिनपगारी. या एका अटीमुळे अल्बर्टात जे घडलं ते मला दुसऱ्या कुठल्या देशात दिसलेलं नाही. १९७५ मध्ये एडमंटनमध्ये मुलांच्या एका उन्हाळी शिबिरासाठी पहिला धर्मादाय कॅसिनो भरला. मुलांना तळ्यात पोहता यावं म्हणून मोठी माणसं ब्लॅकजॅकला बसली. पुढची पाच वर्षं असे कॅसिनो हॉटेलांच्या हॉलमध्ये लागायचे आणि उठायचे. १९८० मध्ये कॅलगरीत एका खाजगी कंपनीने कायमची जागा उघडली. तंबूचं घर झालं. तेव्हापासून इमारत तीच, दिवे तेच, गालिचा तोच, फक्त दर दोन दिवसांनी मालक बदलतो : आज अंधांची शाळा, परवा हॉकी क्लब, त्यानंतर युक्रेनियन नृत्यमंडळ, त्यानंतर आम्ही.

मंडळाने अर्ज करावा की नाही यावर झालेली बैठक माझ्या डोक्यात अजून ताजी आहे. गणपतीचा हॉल महागला होता, नाटकाच्या ग्रुपला आणायचं तर विमानाची तिकिटं, आणि वर्गणी मागायला गेलं की लोक बेसमेंटमध्ये असल्याचं भासवत. एका ज्येष्ठ काकांनी उठून सांगितलं की कायदेशीर असलं तरी हे द्यूतच, आणि द्यूताने धर्मराजाचं काय झालं ते सांगायला नको. त्यावर वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, “काका, धर्मराज खेळला म्हणून हरला. आपण पेटी मोजणार.” ठराव बहुमताने पास झाला. काका विरोधात राहिले, आणि कॅसिनोच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बिल्ला लावून बसले. आमच्याकडचा विरोध असाच असतो.

दोन दिवसांना मिळून तीस-चाळीस माणसं लागतात. जनरल मॅनेजर, त्याचा सहायक, बँकर, कॅशियर, चिप रनर, आणि रात्रीची काउंट रूमची तुकडी. शिवाय परवानाधारक सल्लागार, ज्याला आम्ही नुसतं अॅडव्हायजर म्हणतो. त्याला संस्था मानधन देते, कारण उद्या येणारं नृत्यमंडळही याच कामात आमच्याइतकंच अडाणी असतं. टेबलावर खेळणारा नोट देतो, डीलर त्याबदल्यात चिप्स देतो आणि नोट टेबलाच्या फटीतून खालच्या कुलूपबंद पेटीत ढकलतो. खेळणारा जिंकला, किंवा थोडं शिल्लक ठेवून उठला, की चिप्स घेऊन आमच्या पिंजऱ्याशी येतो. ‘केज’ म्हणतात त्याला, आणि जाळी असो-नसो, आत बसलं की पिंजराच वाटतो. टेबलावर चिप्स संपल्या की चिप रनर चिठ्ठी आणि चिप्स घेऊन जातो, सही घेऊन परत येतो. तरण्याताठ्यांचं काम. आमच्या मुलांनी कॉलेजमध्ये असताना केलं आणि कॅसिनोत फिरायला मिळतं म्हणून खुशीत केलं. दोन तासांत त्यांना कळलं की जुगार खेळणाऱ्यांचे चेहरे सिनेमातल्यासारखे नसतात. बहुतेक जण दंतवैद्याच्या खोलीत थांबल्यासारखे बसलेले असतात.

माझी जागा काउंट रूममध्ये. तिथली शिफ्ट रात्री अकराच्या आसपास सुरू होते आणि पहाटे तीन-साडेतीनपर्यंत चालते. आधी कॅसिनोकडून जेवण मिळतं. शाकाहाऱ्यांच्या ताटात काय वाढावं हे त्या स्वयंपाकघराला कधीच उमगलं नाही, त्यामुळे आमच्या बऱ्याच बायका बटाट्याच्या फ्राइजवर रात्र काढतात. मग पर्स, कोट बाहेर ठेवायचे आणि आत जायचं. दार बंद झालं की मोजणी संपेपर्यंत उघडत नाही. छतावर कॅमेरे. टेबलांच्या पेट्या आत येतात, प्रत्येकीवर टेबलाचा नंबर. नंबर मोठ्याने वाचायचा, पेटी उघडायची, उलटी करायची, आणि रिकामी पेटी कॅमेऱ्याला दाखवायची. मग वर्गवारी : निळ्या पाचाच्या, जांभळ्या दहाच्या, हिरव्या विसाच्या, लाल पन्नासच्या, तपकिरी शंभराच्या. एकाने मोजायचं, दुसऱ्याने फेरमोजणी करायची, तिसऱ्याने कागदावर उतरवायचं. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. टेबलावरून हात उचलायचे असतील तर तळवे वर करून दाखवायचे. बँकेत वर्षानुवर्षं नोटा मोजल्या, पण तिथे माझ्या हातांकडे कुणी असं बघितलं नव्हतं.

त्या नोटांनी मला अल्बर्टाचा इतिहास वरच्या सगळ्या कायद्यांपेक्षा जास्त शिकवला. सुरुवातीच्या वर्षांत कागदी नोटांना सिगारेटचा वास असायचा, हातांना तो सकाळपर्यंत राहायचा. पुढे सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी आली आणि तो वास गेला. तेलाचा भाव वर होता त्या काळात पेट्या फुगून यायच्या. एखाद्या पेटीतून हजार डॉलरची गुलाबी नोट निघायची. २००० साली बँक ऑफ कॅनडाने ती देणं थांबवलं. २०११ पासून प्लास्टिकच्या नोटा आल्या. नव्या कोऱ्या असल्या की त्या एकमेकींना चिकटतात आणि जुन्या मोजणाऱ्यांची बोटं फसतात. आणि काही नोटा नेहमीच येतात, कुठल्याही वर्षी : आठ घड्या घातलेल्या, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात कुणीतरी ‘ही मोडायची नाही’ म्हणून ठेवलेल्या. पाचाच्या, दहाच्या. त्या उलगडून सपाट करायला वेळ लागतो. शंभराच्या कोऱ्या गड्ड्यांबद्दल मला कधी काही वाटलं नाही. घडीच्या नोटांबद्दल वाटतं.

आता हिशेब, कारण खजिनदाराने हिशेब सांगितला नाही तर लोक संशय घेतात. टेबलांच्या मिळकतीत संस्था आणि कॅसिनोची कंपनी यांची वाटणी होते. पण आजच्या कॅसिनोत मोठा पैसा टेबलांवर नाही, स्लॉट मशीनमध्ये आहे, आणि मशीनची गोष्ट निराळी आहे. १९८५ मध्ये संघराज्य सरकार आणि प्रांतांचा सौदा झाला : जुगाराचा ताबा प्रांतांकडे, यंत्रांवरचा जुगार फक्त प्रांत सरकारांनीच चालवायचा, आणि बदल्यात प्रांतांनी १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकसाठी १० कोटी डॉलर मोजायचे. बर्फावरून घसरणाऱ्या खेळाडूंच्या नावावर स्लॉट मशीनची सनद निघाली. इथेही पुन्हा पुण्यकर्माचीच खिडकी. अल्बर्टात ही यंत्रं कॅसिनोंत आली १९९६ मध्ये. ती आमची नव्हेत, कंपनीचीही नव्हेत, ती सरकारची. त्यांच्या निव्वळ मिळकतीतले १५ टक्के संस्थांना, १५ टक्के कंपनीला आणि ७० टक्के सरकारला. म्हणजे ज्या टेबलांचे आम्ही कायद्याने चालक, ती हॉलच्या मध्यात, आणि चारी बाजूंनी सरकारी यंत्रांचा खणखणाट. त्या यंत्रांच्या पेट्यांना आम्ही हातसुद्धा लावत नाही.

पूर्वी ज्या संस्थेचे दोन दिवस, तिची कमाई तिची. एखाद्या रात्री कुणी मोठा खेळणारा जिंकून उठला की शाळेच्या बसचे पैसे त्याच्याबरोबर दाराबाहेर. पुढे एकत्रीकरण आलं : एका विभागातल्या कॅसिनोंची तीन महिन्यांची मिळकत एका ठिकाणी जमा करायची आणि त्या तिमाहीत काम केलेल्या सगळ्या संस्थांना सारखी वाटायची. न्याय झाला, थरार गेला. आता केजमध्ये बसून ‘आज गर्दी बरी आहे’ म्हणण्यात काही अर्थ उरला नाही, तरी सगळे म्हणतात. विभागाविभागांतली तफावत मात्र राहिली. एडमंटन-कॅलगरीतल्या संस्थांना साधारण दोन वर्षांनी पाळी मिळते आणि रक्कम भरघोस असते. लहान गावांतल्या संस्था जास्त वर्षं थांबतात आणि कमी घेऊन जातात. त्यांचे लोक शहरातल्या कॅसिनोत येऊन हरतात आणि तो पैसा शहरातल्या संस्थांना जातो, ही त्यांची तक्रार मला रास्त वाटते. आमच्या मंडळात मी हे बोलून दाखवलं तेव्हा एकाने विचारलं, “मग आपण परत करायचे का?” विषय पुढे सरकला.

पैसे वेगळ्या खात्यात पडतात आणि मंजूर झालेल्या कारणांसाठीच खर्च होतात, पावतीसकट. पण या व्यवस्थेने इथल्या सार्वजनिक जीवनाचं वळणच बदललं. एडमंटनमध्ये मोहल्ल्या-मोहल्ल्यांच्या ‘कम्युनिटी लीग’ आहेत, पहिली १९१७ सालची. त्यांचे हॉल, त्यांची बर्फाची मैदानं आज मोठ्या प्रमाणात कॅसिनोच्या पैशावर उभी आहेत. मुलाला हॉकीत घालायचं तर अनेक क्लब आईबापांकडून आगाऊ चेक घेऊन ठेवतात : कॅसिनोची शिफ्ट केलीत तर चेक परत, नाहीतर वटवला. स्वयंसेवा म्हणतात तिला. आमच्याकडे चेक नाही, आमच्याकडे वहिनींचा फोन आहे. तो जास्त परिणामकारक आहे.

सगळ्यांनी हे पैसे घेतले असंही नाही. युनायटेड चर्च ऑफ कॅनडाचा जुगाराला जुना विरोध आहे आणि जुगाराचा पैसा घेण्यालाही. १९९२ पासून बारमध्ये व्हिडिओ लॉटरीची यंत्रं बसली, लोक पगार घालवू लागले, आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये गावोगाव मतदान झालं : यंत्रं ठेवायची की काढायची. काही गावांनी काढायचं ठरवलं. एडमंटनने ठेवायचं ठरवलं, तेही अगदी काठावर. त्या मतदानाच्या दिवशी आमच्या घरात दोन मतं पडली, एक इकडे, एक तिकडे. कुणाचं कुठे ते सांगत नाही. २०११ मध्ये लेथब्रिज विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अल्बर्टातल्या जुगारावर मोठा अहवाल काढला. खेळणारे पुष्कळ असले तरी पैशाचा मोठा वाटा थोड्याच लोकांच्या खिशातून येतो, हे त्यात मांडलेलं आहे. काउंट रूममध्ये बसलेल्या कुणालाही याचं नवल वाटू नये. धर्मादाय कॅसिनोची सोय अशी की हरणारा माणूस समोरच्या दारातून जातो आणि गणपतीचा मांडव सहा महिन्यांनी उभा राहतो. मधे इतके कागद असतात की दोघांची भेट होत नाही. मी ते पैसे मोजले आणि खर्चही केले, आणि पुन्हा मोजीन. पण ‘चांगल्या कामाला लागतात ना’ हे वाक्य मी स्वतः कधी वापरत नाही.

चांगल्या कामाच्या नावाने नशिबाचा पैसा गोळा करणं काही कॅनडाची मक्तेदारी नाही. मुंबईच्या टाऊन हॉलसाठी, जिथे आज एशियाटिक सोसायटी आहे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉटरी काढली होती. पैसे पुरले नाहीत, शेवटी ईस्ट इंडिया कंपनीने हात दिला आणि १८३३ मध्ये ते काम पुरं झालं. एडमंटनला पहिला धर्मादाय कॅसिनो भरला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९७६ मध्ये, महाराष्ट्राने कॅसिनो नियंत्रण आणि कर कायदा केला. तो अमलात आणायची अधिसूचना मात्र कधीच निघाली नाही. चार दशकांहून जास्त काळ तो पुस्तकात पडून होता आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याने त्याच १९७६ मध्ये जुगारबंदीचा कायदा केला, १९९० च्या दशकात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलं आणि जहाजं त्यातून मोकळी सोडली, आणि आज मांडवीत दिवे लागतात ते आपण पाहतोच. गोव्यात मात्र पेटी मोजायला भजनी मंडळ बसत नाही. कंपनीचा कॅसिनो, कंपनीचा नफा, सरकारला शुल्क. पणजीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला मी आमची पद्धत समजावून सांगितली तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे पाप सगळ्यांनी पाळीपाळीने वाटून घ्यायचं? बरं आहे की.”

आता पाळी किती दिवस राहते ते बघायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये, कॅसिनो कोरोनाने आलटूनपालटून बंद पडत होते तेव्हा, सरकारने ‘प्ले अल्बर्टा’ हे स्वतःचं ऑनलाइन दुकान उघडलं. त्यात केज नाही, पेटी नाही, म्हणून आम्हीही नाही. २०२५ मध्ये खाजगी कंपन्यांना ऑनलाइन जुगारात रीतसर आणण्याचा कायदा विधानसभेने मंजूर केला. फोनवर खेळणाऱ्याला पहाटे तीन वाजता चिप्स मोडून द्यायला वहिनींची गरज पडणार नाही.

तोवर आमची तारीख लागलेली आहे, फेब्रुवारीतली, म्हणजे उणे तीसात गाड्यांचे हीटर प्लगला लावून आत जायचं. यादी करायला बसलो. पुण्याच्या नव्या पोरांपैकी दोघांनी चिप रनर पकडलं. अध्यक्षांना बसायचं काम दिलं. काकांच्या मुलीने, वडील गेल्यावर पहिल्यांदाच, स्वतःहून फोन करून नाव दिलं. काउंट रूमला अजून दोन माणसं कमी आहेत. दुसऱ्या दिवशी सोमवार असल्याने कुणी रात्रीला तयार नाही. वहिनींनी फोन हातात घेतलाय.